साक्ष मध्येच थांबली तो दिवस

पंधरा वर्षांच्या नोकरीत कोर्टातल्या स्टेनोबाईंनी कधी कुणाला "पुन्हा सांगा" म्हटलं नव्हतं. साक्षीदार अडखळो, वकील एकमेकांच्या अंगावर जावोत, बाईंची बोटं आपली चालूच. पण गेली दोन वर्षं पोटाने त्यांच्याशी उभा दावा मांडला होता. सकाळी घर सोडेपर्यंत चारदा जाऊन यायचं, आणि चपला घालताना पुन्हा कळ. मग कधी आठवडाभर पोट फुगून नगारा.

सगळ्या तपासण्या झाल्या, आतून दुर्बीणही घालून झाली. "रिपोर्ट नॉर्मल आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशी बाईंना रडूच फुटलं.

"मग मला होतंय ते काय, नाटक?"

"मुळीच नाही. याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण ते फार हळवं झालंय. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्याशाने तुमचं कळवळून उठतं. धास्ती घेतलीत की आणखी चेकाळतं. मुळासकट जाईलच असं नाही, पण आवरता येतं. कशाने बिघडतं ते लिहून ठेवा, वेळेवर जेवा. आणि ऑफिसात सांगून ठेवा."

शेवटचं तेवढं बाईंनी ऐकलं नाही. नवरा म्हणायचा, "तू मनाला फार लावून घेतेस." सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली पोटं." मग न्यायाधीशसाहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा उपाशी राहणं सोपं. साक्षीच्या दिवशी बाई पाण्याचा घोटही घेत नसत.

त्या दिवशीही तशाच आल्या. साक्षीदार एकोणीस वर्षांची मुलगी, आरोपी तिचा सख्खा काका. आधीच्या दोन तारखांना ती नुसती रडली होती. आज दारं बंद करून कोर्ट बसलं आणि ती बोलायला लागली. जमिनीकडे बघत, एकेक शब्द ओढून काढत.

"आई कामावर गेली की काका यायचा. मी स्वयंपाकघरात असायचे. त्या दिवशी त्याने कडी लावली आणि..."

बाईंच्या पोटात पीळ पडला. कपाळावर घाम फुटला, तरी त्या लिहीत राहिल्या. एवढं वाक्य होऊ दे, त्या मनात म्हणाल्या. झालं नाही. त्यांनी हात वर केला.

"साहेब, मला बाहेर जायला हवं. आत्ता."

काकाचा वकील फिस्सकन हसला. बाई पळाल्या. पॅसेजच्या टोकाला एकच संडास, त्यालाही आतून कडी. त्या पोचल्या, पण वेळेवर नाही.

कपडे धुऊन, कमरेला स्वेटर बांधून त्या परतल्या तेव्हा पाऊण तास उलटला होता. मुलीचा चेहरा मिटून गेला होता. "मला पुढचं आठवत नाही," ती म्हणाली, आणि त्यापुढे काही बोललीच नाही. पुढची तारीख पडली.

संध्याकाळी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. "माझी बदली करा. माझ्यामुळे त्या पोरीचं वाटोळं झालं." मग पोटाचं सगळं सांगितलं, पॅसेजमधलंसुद्धा.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही समोर बसून उपाशी लिहिताय आणि मला पत्ता नाही! बदली नको. दाराजवळ बसा, लागेल तेव्हा उठा, विचारू नका. पण ही साक्ष आता दुसऱ्या स्टेनोला लिहून घेऊ दे." शेवटचं वाक्य बाईंच्या काळजात रुतलं.

पुढच्या तारखेला मुलगी सांगत सांगत "कडी लावली" इथपर्यंतच आली. त्याच्यापुढे गेली नाही.

दरम्यान बाई दोन घास खाऊन निघायला शिकल्या. दूध सोडलं, तसे दहातले चार दिवस बरे जाऊ लागले. "तुझा काय दोष?" नवरा म्हणायचा. बाई आज कशाने बिघडलं ते वहीत लिहीत बसायच्या.

निकालाच्या दिवशी साहेबांनी मजकूर सांगितला आणि बाईंनीच तो उतरवून घेतला. पुराव्याअभावी काका सुटला. तेवढ्या तीन पानांत बाई दोनदा उठून गेल्या. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही.