आधी कडी, मग श्वास

श्वासाचा व्यायाम शाळेत आणला तो गणिताच्या बाईंनीच. चाचणीआधी मुलांचे हात थरथरायचे, म्हणून पाच मिनिटं डोळे मिटून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मुलांना गुण आला. मग मुख्याध्यापकांनी तो सगळ्या वर्गांना लावला आणि पालकसभेत स्वतःच्या नावावर खपवला.

आठवीतल्या एका मुलीला तिच्या जिभेमुळे सगळे लवंगी म्हणायचे. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर ती धुमसतच बाईंच्या तासाला आली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला तीन महिने कडी नव्हती. आज ती आत असताना दहावीतल्या दोघांनी दार ढकललं आणि फिदीफिदी हसत पळाले.

"मुख्याध्यापक सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आधी शांत हो, डोळे मिट, दहा श्वास घे. घेतले. डोळे उघडले तर सर फोनवर!" तिचा आवाज चिरकला. "बाई, श्वास घेऊन दार लागतं का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा हात धरून त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"सर, हिची तक्रार लिहून घ्या."

"बाई, तुम्हीच अशा चिडलात तर कसं? बसा, एक दीर्घ श्वास..."

"खबरदार मला श्वास शिकवाल तर! तो घाबरलेल्या मुलांसाठी होता. ही घाबरलेली नाही, चिडलीय. आणि बरोबर चिडलीय. कडीचं काय?"

"अर्ज वर पाठवलाय."

"वर म्हणजे कुठे? आभाळात?"

बाईंनी शिपाईमामांना हाक मारून पेचकस मागवला आणि सरांच्याच दाराची कडी उतरवायला घेतली. स्क्रू गंजलेले. बोट सोलवटलं, तरी थांबल्या नाहीत.

"हे नियमात बसत नाही!" सर ओरडले.

"मग नियमात बसणारी आणा. तोवर ही चालेल."

मामांनी ती मुलींच्या दाराला ठोकून दिली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांच्या आईवडिलांना बोलावणं गेलं. मुलांनी मान खाली घालून लवंगीची माफी मागितली. तिने ऐकून घेतली, पण "असू दे" म्हणाली नाही.

बाईंना खुलासा मागणारं पत्र मिळालं. शिक्षकांच्या खोलीत एकजण पुटपुटले, "जरा सबुरीने घ्यायचं."

"तीन महिने तुम्ही सगळ्यांनी घेतलंच होतं की," बाई म्हणाल्या आणि खुलासा लिहायला बसल्या.