हियामबाईंचा उपडा कप

बैरूतच्या हियामबाईंकडे दर गुरुवारी सकाळी चार बायका कॉफीला जमत. कॉफी संपली की कप उपडे घालायचे आणि तळाच्या गाळात भविष्य बघायचं. बघणारी होती अलेमनेश, बाईंची इथिओपियन मोलकरीण. तिचा दोन वर्षांचा करार संपून चौदा महिने झाले होते, पासपोर्ट बाईंच्या कपाटात कुलूपबंद होता आणि तिकडे गावात तिची मुलगी शाळेत जायला लागली होती. "ती आमच्या घरचीच आहे," असं बाई सगळ्यांना सांगत. घरचीच, म्हणून तिला सुट्टी नव्हती.

त्या गुरुवारी बाई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचा मुलगा रमझी आखातात नोकरीला, आणि तिथला मालक त्याचा पासपोर्ट देईना.

"दुसऱ्याच्या लेकराला असं अडकवून ठेवतात मेले. काळीज आहे की दगड?" बाईंनी डोळे पुसले. "साखर कमी पडलीय गं, अलेम."

अलेमनेशने साखर आणून दिली. मग बाईंचा कप उचलला, आणि इतके महिने जे बोलायची छाती झाली नव्हती ते कपाच्या नावावर बोलून टाकलं.

"बाई, या घरात दुसऱ्याची वस्तू कुलपात आहे. ज्याची त्याला मिळत नाही तोवर रमझीदादा सुटायचे नाहीत."

बाईंचा चेहरा उतरला. तडक उठून त्यांनी कपाट उघडलं. अलेमनेशला दारातून दिसलं, आपला पासपोर्ट बाईंच्या हातात. तिने घाईघाईने ओले हात पुसले. बाईला लाज वाटली म्हणायची एकदाची.

बाईंनी तो बाजूला ठेवला, खालची मखमली डबी काढली, पासपोर्ट पुन्हा आत सारला आणि कुलूप लावलं.

"घे बाई वफिका," त्या कॉफीला आलेल्या नणंदेला म्हणाल्या, "सासूबाईंच्या बांगड्या. सात वर्षं दाबून ठेवल्या मी. चुकलंच माझं."

"उशिरा का होईना, सुचलं वहिनी," म्हणत वफिकाने आधी बांगड्या चढवल्या, मग वहिनीच्या गळ्यात पडली.

चौथ्या दिवशी रमझीचा फोन आला. मालकाने पासपोर्ट दिला होता. बाईंनी अलेमनेशच्या कपाळाचा मुकाच घेतला. तिने तीच वेळ साधली.

"बाई, आता मलाही जाऊ द्या. पोर वाट बघतेय माझी."

"वेडी का काय तू?" बाई अगदी मायेने म्हणाल्या. "एवढी गुणाची मुलगी मी सोडेन होय? मरेपर्यंत नाही. जा, रमझीची खोली आवरायला घे."