मटणाला चीक

लढाई संपली आणि सेहेचाळीस साली तात्याबा तासगावाजवळच्या आपल्या गावी परत आला. अंगात शीण असा मुरला होता की, त्याची सावलीसुद्धा मागून बसत बसत यायची. मिसरच्या वाळवंटात त्यानं पलटणीला रांधून घातलं होतं. तिथं म्हणे एकदा म्हातारा उंट कापला, तर सुऱ्याच वाकल्या. मग पलटणीच्या डॉक्टरानं कच्च्या पपयांचा चीक मांसाला चोळायला लावला.

"त्या चिकात पाचक असतंय," तात्याबा सांगायचा. "लाकडात पाचर मारावी तसं ते मांसाच्या धाग्यात पाणी मारतंय. धागा तुटला की तुटल्या टोकांना पाणी बिलगतंय, मग परत जोड न्हाई. आपल्या पोटातबी ह्योच कारखाना. पण उकळलं की त्याचा जीव गेला. म्हणून आधी चोळायचं, मग चूल."

त्या दिवशी चीक चोळून त्याला डुलकी लागली, आणि उठून बघतो तर उंट पळीनं वाढायच्या लायकीचा झालेला. खोटं वाटलं तर वाटू द्या.

आता घरी लेकीची, अंजनाची सोयरीक अडली होती. पाहुणे यायचे, जेवायचे, 'कळवतो' म्हणून जायचे. पोरीला वाढून कंटाळा आला होता आणि बापाला हात जोडून. या खेपेचा मुलगा मात्र तिच्या मनात भरला होता. पण शब्द चालायचा त्याच्या आज्याचा, नाथाजीचा. तोंडात औषधाला दात नाही, आणि ज्या घरचं मटण चावलं नाही त्या घरची पोर करायची नाही, हा हट्ट. त्यात कापायला मिळाला तो गावातला सगळ्यात थोरला बोकड. त्याची दाढी बघून पोरं रामराम घालायची.

बोकड कापूनच तात्याबा गळाला. पाहुण्यांना आणायला फाट्यावर निघताना उंबऱ्यातूनच बायकोला म्हणाला, "धोंडे, मटणाला चीक चोळून ठेव."

"आवं, मटणाला?" धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला.

"पलटणीत तसंच करत्यात. वाद घालू नगंस, लय दमलोय."

परसात पपई होती, हे खरं. पण गोठ्यात म्हैस आदल्या दिवशीच व्याली होती. धोंडुबाईच्या लेखी चीक म्हणजे व्यालेल्या म्हशीचं पहिलं दाट दूध, खरवसाचं. 'साहेबाच्या राज्यात सारंच उफराटं' असं पुटपुटत तिनं तो मटणावर ओतला.

पंगत बसली. नाथाजीचा धाकटा भाऊ भाऊसो, दात शाबूत असलेला गडी, पहिला तुकडा चावून घामाघूम झाला. "तात्याबा, ह्यो बोकड हाय का मोटंचा नाडा?"

तात्याबा सैपाकघरात धावला. "चीक लावलास न्हवं?"

"लावला की. शेरभर. म्हशीचा."

"अगं, पपईचा!"

"मग पपईचा म्हणायचं व्हतं! जीब काय मिसरात ठेवून आलाय?"

तेवढ्यात बाहेरून नाथाजीची हाळी आली, "आणा रं आणखी मटण!"

बाहेर येऊन बघतो तर म्हाताऱ्यानं बोकडाचे तुकडे हाडं समजून ताटाकडेला सारले होते, आणि रश्श्यात गोठलेल्या चिकाच्या मऊ वड्या हिरड्यांनी चावत होता. "दात गेल्यापास्नं पहिल्यांदा मटण तुटलं गड्या! काय रं भाऊसो?"

भाऊसोचा पहिला तुकडा अजून तोंडातच होता. तो जोरजोरानं मान हलवू लागला. नाथाजीला वाटलं, हा व्हय म्हणतोय.

खरं सांगायला तात्याबानं तोंड उघडलं. दाराआड अंजनानं चौकट घट्ट धरलेली दिसली. त्यानं तोंड मिटलं.

"सोयरीक पक्की!" नाथाजीनं हात चाटला. "पण लग्नात साऱ्या गावाला ह्येच मटण पायजे!"

तात्याबा खांबाला टेकून मटकन बसला.

"आता वो?" धोंडुबाई कुजबुजली.

"आता काय," त्यानं डोळे मिटले, "तिथी गावच्या म्हशींना इचारून काढायची."