दोन बोटं कापड

दिग्रसला बिस्मिल्लाबीच्या हाताखाली शिवण शिकायचं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं. सून आरिफा ते मुकाट खात आली होती, पण परवा ठिणगी पडलीच. भैरवीच्या लग्नाचं ब्लाउज हे आरिफाचं पहिलं मोठं काम. कापड साडीतूनच निघालेलं, बिघडलं तर दुसरं मिळायचं नाही. शिवून झाल्यावर आतलं जादा कापड छाटायला तिनं कैची उचलली, तोच सासू कडाडली.

"ठेव खाली! लगनाआधी पोरीले घरोघरी जेवणं राहतात. अंगानं भरते ते. दोन बोटं राहू दे."

"आजकाल कोणी ठेवत नाही, अम्मी. जाड दिसते."

"दिसू दे."

आरिफानं न छाटताच कैची आपटली.

आज ती भैरवीच्या धाकट्या बहिणीचं, अनघाचं ब्लाउज बेतायला बसली. मापाला दोघींनी आपापलं जुनं ब्लाउज दिलं होतं, दोन्ही एकाच ताग्यातली, मोरपंखी. उरलेलं मापाचं ब्लाउज तिनं पसरलं आणि टेप लावून पुन्हा मोजलं. हे तर मोठं! म्हणजे नवरीचं ब्लाउज काडीसारख्या अनघाच्या मापावर बेतलं गेलं होतं. आणि भैरवी दुपारी घालून बघायला येणार होती.

"अम्मी, मेली मी!"

बिस्मिल्लाबीनं सगळं पाहिलं. ती ओरडली नाही, तेच आरिफाला जास्त लागलं.

"रडून कापड वाढते का? उसव."

दोघी समोरासमोर बसून शिवणी उसवू लागल्या. नशीब, बहिणींचे खांदे सारखे होते. कमी पडत होतं ते छातीत आणि बाह्यांत, आणि दोन बोटं कापड नेमकं तिथंच दडून बसलं होतं. आरिफानं अगदी काठाला टीप मारली आणि जुन्या टिपेच्या खुणांवर इस्त्री फिरवली.

भैरवी आली, ब्लाउज घेऊन पडद्याआड गेली. बाहेर आरिफाचा जीव टांगणीला लागलेला.

"भाभी, काय बसलं वं! मावश्यांनी खाऊ घालून घालून मले फुगवलं. मले वाटलं, आता कायचं होते!"

असं हलकं आरिफाला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हुक लावायला ब्लाउज ठेवून भैरवी गेली. सासूनं कैची पुढं केली. "घे, छाट आता."

"आता काय उरलं छाटायले?" आरिफा हसली, डोळे पुसत.

"मंग अनघाचं घे. अन् दोन बोटं..."

"तीन ठेवतो, अम्मी."