रापणीचे दोन दोर

चैत्रातला उजेड या किनाऱ्यावर घाईने येत नाही. सूर्य गावाच्या पाठीमागून वर येतो, म्हणून ऊन पहिल्यांदा पडते ते दूरच्या पाण्यावर. वाळू कितीतरी वेळ माडांच्या सावलीतच राहते. आधी क्षितिजाकडची एक पट्टी उजळते, जुन्या पितळी ताटाच्या कडेसारखी. मग ती रुंदावत अलीकडे सरकते, लाटांच्या पाठी एकेक करून दिसू लागतात, आणि तरीही किनाऱ्यावरचे दोर, टोपल्या, पाय ताणून झोपलेले कुत्रे, सारे राखाडीच असते. रात्री गेलेल्या होड्या परततात त्या याच वेळी. उन्हात असेपर्यंत त्यांचे निळे-तांबडे रंग स्पष्ट दिसतात. सावलीत शिरल्या की रंग विझतात आणि आतली माणसे ओळखू येऊ लागतात.

पडवीतल्या बाकावर आडवा पडून सुशांत हे पाहत होता. त्याच्या छातीवर तारा चिकटवलेल्या होत्या आणि कमरेला एक लहानशी पेटी होती. गोव्यातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी ती दोन दिवसांसाठी बांधली होती. प्रत्येक ठोका ती टिपून ठेवणार होती.

कार्तिकात फयान वादळ आले तेव्हा त्याचे वडील, परशुराम, समुद्रावर होते. होडीच्या फळ्या देवगडच्या बाजूला लागल्या. माणूस लागला नाही. सुशांत रडला नाही. बाकीचे रडत होते तेव्हा तो जाळे सुकवत होता. सापडले नाहीत याचा अर्थ गेले असा होत नाही, एवढेच तो म्हणे, आणि ते इतक्या सपाट आवाजात म्हणे की समोरचा वाद घालायचे विसरून जाई.

त्यानंतर केव्हातरी छातीतली ती गडबड सुरू झाली. ठोके ताल सोडून उसळत, टोपलीत ओतलेल्या जिवंत मासळीसारखे. घटका-दोन घटका तसेच चाले, मग आपोआप निवे. रापणीच्या ओढीने होते, असे त्याने घरात सांगून टाकले. रापण म्हणजे किनाऱ्यालगत पाण्यात फिरवून टाकलेले मोठे जाळे. त्याचे दोन दोर वाळूवरून दोन टोळ्या ओढतात. पूर्वी परशुराम मधोमध उभा राहून दोन्ही बाजूंची ओढ सांभाळी. आता ती जागा रिकामीच असे.

“सुशा, जागो आसस?” त्याचे काका दाजी पडवीच्या पायरीवर येऊन बसले. “भटाक सांगून ठेवलंय. दर्भाचो पुतळो करून बापाशीचो विधी उरकून घेवया. पावसासाठी होड्यो वर ओढूच्या आधी.”

“थांबया, काका.”

“कितको थांबतलंस? दर्या काय पोस्टमन आसा, रोज दारात येवन नाव विचारतलो?”

सुशांत पाण्याकडेच बघत राहिला. विधी मुलाच्या हातूनच व्हायचा होता, त्यामुळे त्याच्या ‘थांबया’पुढे दाजींचे काही चालत नसे. आतून त्याची आई, रुक्मिणी, चहा घेऊन आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते. कपाळ मात्र मोकळे होते.

“काल चैत्रगौरीचा हळदीकुंकू होता,” ती दाजींकडे पाहत म्हणाली. “कुंकू लावणाऱ्या चेडवान सगळ्यांका लावल्यान आणि माझ्याकडे येवन ता थांबला. बोटार कुंकू घेवन नुसता उभा. मीच म्हटलंय, फुडे जा गो.”

दाजी चहात बघत राहिले. सुशांतने ते ऐकले, आणि ऐकलेले त्याच्या आत कुठेच टेकले नाही.

तेवढ्यात पाण्यावरून इंजिनांचा आवाज आला. त्याने मान थोडी उचलली. एकेक होडी सावलीत शिरली. शेवटची लागली तेव्हा त्याने मान पुन्हा बाकावर टेकवली. अंगभर एक गार स्वस्थता पसरली, आणि त्या स्वस्थतेच्या तळाशी ठोके उसळू लागले.

दोन दिवस भरल्यावर तो पेटी परत द्यायला गोव्याला गेला, तेव्हा रुक्मिणीही बरोबर आली. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्यावरची रेघ पाहत होत्या.

“रापण ओढलीत ना, मी सांगितले होते तशी?”

“दोन्ही दुपारी.”

“तेव्हा ठोके वाढलेत, पण ताल कुठेही चुकलेला नाही. बिघाड होतो तो सकाळी.” त्यांनी कागदावर हृदय काढले. “फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या या चार शिरा. हृदयाचा थोडा स्नायू यांच्या तोंडात शिरलेला असतो, बाहीत हात घालावा तसा. ठिणगी पडते ती तिथे. आणि तिथेच मज्जातंतूंच्या गाठी असतात. काही तंतू ठोके वाढवतात, काही मंद करतात. एकानंतर लगेच दुसऱ्याने हिसका दिला, तर या शिरा भडकू शकतात.”

सुशांतच्या डोळ्यांपुढे दोन दोर आले. उजव्या टोळीने ओढ घ्यावी, आणि ती सैल पडते न पडते तोच डावीने सारा जोर लावावा. मग जाळे पाण्यातल्या पाण्यात आडवे होते आणि मासळी बाहेर उसळते.

“दोन्ही सकाळी तसेच दिसते,” बाई म्हणाल्या. “आधी ठोके भरभर वाढतात, मग एकाएकी फार मंदावतात, आणि तिथून ताल सुटतो. त्या वेळी तुम्ही काय करता?”

“काही नाही. पडून असतो.”

“तो होड्यो मोजता,” रुक्मिणी म्हणाली. “वादळात हरवलेल्या बापाशीची येता काय ता बघता.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “मागच्या वेळी मी वडिलांची प्रकृती विचारली होती. ते समुद्रावर असतात, असे तुम्ही म्हणालात.”



“मोजून झाल्यावर मला काही वाटत नाही,” सुशांत शांतपणे म्हणाला. “दुःखही नाही. तसे काही असते, तर आधी मलाच कळले असते.”

“तुम्हाला कळले नसेल. तंतूंना कळते. तुम्ही वाट पाहता तेव्हा एक ओढतो, वाट पाहणे संपते तेव्हा दुसरा. रोज.” त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. नाहीच थांबले तर मोठ्या शहरात नळी घालून त्या शिरांची तोंडे डागता येतात, असेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर पडला नाही. उजेड तसाच आला, दूरच्या पाण्यावरून, सावकाश. इंजिने ऐकू आली तेव्हा तो वाळूवर दाजींच्या शेजारी उभा होता, आणि ठोके वाढू लागल्याचे त्याला पहिल्यांदाच जाणवले. होड्या सावलीत आल्या. त्याने माणसे पाहिली, नेहमीचीच.

“काका,” तो म्हणाला, “भटाक कधी येवक सांगलास?”

दाजींनी चमकून त्याच्याकडे पाहिले. “तू म्हणशीत तेव्हा, झिला.”

“ह्या सोमवारी सांगा.”

मागे पडवीत रुक्मिणी खांबाला टेकून उभी होती. तिचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. सुशांत तिच्याकडे वळला नाही. ऊन अजून वाळूवर पोचले नव्हते.

बाबा कार्तिकातच बुडाले होते, तो मनाशी म्हणाला.