बाळचं पहिलं मत

आमच्या घरात मत एकेक करून आलं. पणजोबांच्या काळी मत फक्त घरमालकांना असे आणि ते भाड्याच्या खोलीत राहायचे, म्हणून त्यांना नव्हतंच. आजोबांना मिळालं, पण आजीला नाही. तिला मिळालं तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. आईला एकविसाव्या वर्षी, मला अठराव्या. आणि माझ्या धाकट्या भावाला यंदा, सत्तेचाळिसाव्या वर्षी. केस पिकले तरी घरात त्याचं नाव बाळच.

बाळची बुद्धी सावकाश चालते. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात तो चादरींच्या घड्या घालतो, आणि त्याच्या घडीत कुणी खोट काढून दाखवावी! पण आई गेली, बाळ अठरा वर्षांचा झाला आणि त्याची बँकेची, औषधपाण्याची कामं अडायला लागली. मग मी त्याची कायदेशीर पालक झाले. ‘स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ’ या ओळीखाली माझी सही आहे. त्या सहीबरोबर त्याचं मतही गेलं.

तो कागद मी त्याला कधी दाखवला नाही. दर निवडणुकीला त्याला बाहेरच्या बाकावर बसवायचं, आत जाऊन मत टाकायचं आणि परत येऊन “चल” म्हणायचं, असं चाललं होतं.

यंदा कायदा बदलला, पालकाच्या हाताखालच्यांनाही मत मिळालं, आणि त्याच्या नावाने मतदानाचं पत्र आलं. खरं सांगते, आनंद राहिला बाजूला, मला धडकीच भरली. चार लोकांत त्याचं हसं झालं तर? वर्तमानपत्रातली नमुना मतपत्रिका टेबलावर पसरून मी रोज उजळणी घ्यायला लागले. “एकच फुली. चौकटीच्या आत.” चौथ्या दिवशी तो म्हणाला, “ताई, डोकं नको खाऊस.”

मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी मतपत्रिका माझ्यापुढे धरली. “मदत तुम्ही करणार ना?” मी हात पुढे केलाच होता.

“मला द्या,” बाळ म्हणाला. “ताई, तू बाहेर थांब.”

मी मुकाट्याने बाहेर आले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “आत झोप काढतोय की काय?”

“तुम्हाला गाडी पकडायचीय का?” मी अशी वसकले की त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

बाळ आला तो कॉलर सरळ करतच.

“कुणाला दिलंस?”

“सांगायचं नसतं.”

जन्मात पहिल्यांदाच त्याने माझ्यापासून काही लपवलं होतं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

कोपऱ्यावर सिग्नलला थांबलो, तेव्हा त्याने विचारलं, “मला आधी का नव्हतं?”

‘कायदा नव्हता’ म्हणून सुटता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं.

“मी एका कागदावर सही केली होती,” मी म्हणाले. “तुला काही ठरवता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं.”

“मला विचारलं होतंस?”

“नाही रे.”

मी त्याचा हात धरायला गेले, तर त्याने तो खिशात घातला. आई गेल्यापासून मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

“चुकले मी, बाळ.”

“हो. चुकलीस.” सिग्नल सुटला, माणसं पुढे गेली, तो हलला नाही. “आता विचार.”

“काय विचारू?”

“तेच. मला ठरवता येतं का.”

माणसांच्या वाटेत उभी राहून मी त्याला विचारलं.

“येतं,” तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडायला त्यानेच माझा हात धरला.