डोळ्यातलं जाळं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी शिंपीणबाईंच्या डोळ्यावर ओला कापूस फिरवला आणि दोन बोटांत धरून पांढरा, ओलसर पापुद्रा वर काढला. लोकांनी हात जोडले.

"जन्मोजन्मीचं जाळं हे," महाराज म्हणाले. "डॉक्टरांच्या यंत्राला दिसत नाही, कारण यंत्राला श्रद्धा नसते."

त्यानंतर खुर्चीत घड्याळजी बसला. आठवडाभर त्याच्या डाव्या डोळ्यासमोर ठिणग्या उडत होत्या, काळे ठिपके तरंगत होते. शाळेत विज्ञान शिकवणारी मुलगी म्हणत होती, "बाबा, आजच डोळ्यांच्या दवाखान्यात चला." बायको म्हणाली, "आधी महाराज." दुखत तर काहीच नव्हतं, म्हणून त्याने बायकोचं ऐकलं.

"ठिणग्या?" महाराज खूश झाले. "भाग्यवान आहात. तिसरा डोळा जागा होतोय."

त्यांनी पापुद्रा काढला, डोळ्यावर पट्टी बांधली आणि एकवीस दिवस ती न सोडण्याचं बजावलं. घड्याळजीने ते इमानेइतबारे पाळलं. बाविसाव्या दिवशी मुलीने पट्टी सोडली आणि त्याचा उजवा डोळा हाताने झाकला. तो म्हणाला, "दिवा लाव."

दिवा लागलेलाच होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आत प्रकाश टाकून बराच वेळ पाहिलं. "डोळ्याचा मागचा पडदा फाटला होता, म्हणून ठिणग्या दिसत होत्या. तेव्हाच आला असतात तर फाटलेली जागा लेझरने डागून घेता आली असती. आता सगळा पडदा सुटलाय. शस्त्रक्रिया करू, पण घड्याळं दुरुस्त करण्याइतकी नजर ह्या डोळ्याला परत येणार नाही."

"असं माझ्याच नशिबी कसं आलं?"

"नशीब कसलं? डोळ्याच्या मागे काही ना काही बिघाड असलेले लोक मला रोज सापडतात. कुणाला साखरेमुळे, कुणाला रक्तदाबामुळे, कुणाला वयामुळे. चष्म्याचा नंबर काढायला येतात आणि आत डाग निघतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

शस्त्रक्रियेनंतर घड्याळजी तपासणीला गेला तेव्हा बाकावर शेजारी शर्ट-पँट घातलेला एक जाडसर माणूस बसला होता. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यामुळे त्याला जवळचं दिसत नव्हतं. त्याने चिठ्ठी पुढे केली. "दादा, नंबर वाचता का जरा?"

आवाज ओळखीचा होता. घड्याळजीने उजव्या डोळ्याने चिठ्ठी वाचली. "नंबर चौदा. मधुमेह. दोन्ही पडद्यांवर लेझर, तिसरी वेळ." मग म्हणाला, "महाराज, तुमचं जाळं तुम्हाला काढता येईना का?"

महाराज दचकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हळू बोला. पापुद्रा अंड्याच्या कवचाआतला असतो, कापसात लपवलेला. त्याने कुणाला इजा होत नाही."

"आणि माझी पट्टी?"

"पट्टी बांधली की लोकांना काहीतरी उपचार झाल्यासारखं वाटतं."

"तुम्ही इथे कधी आलात पहिल्यांदा?"

"नजर जरा धूसर झाली, त्याच दिवशी."

घड्याळजी उठला आणि त्याने अंडं, कापूस, पट्टी, सगळं बाकांवरच्या लोकांना मोठ्याने सांगितलं. महाराजांनी मान खाली घातली. इतक्यात परिचारिकेने चौदा नंबर पुकारला आणि ते भिंत चाचपत आत गेले. त्यांची नजर वाचणार होती.

कोपऱ्यातली म्हातारी पुटपुटली, "पण माझ्या जावेला गुण आला होता."

"आजी, जाऊबाईंना इथे आणा," घड्याळजी म्हणाला. "कापूस डोळ्याच्या पुढे फिरतो आणि बिघाड असतो मागे. तिथे कुणाचा हात पोचत नाही. ठिणग्या दिसल्या, ठिपके उडाले, पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी या. काही होत नसलं तरी एकदा आतून बघून घ्या. मी एकवीस दिवस श्रद्धेने अंधारात बसलो. तुम्ही बसू नका."